लॅपटॉपवर निघते, सर्व्हरवर अडते: मॅन्युअलची पीडीएफ फेल होते तेव्हा कुठे बघायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं मॅन्युअल तुम्ही स्फिंक्समध्ये (साध्या मजकुरातून वेबसाइट आणि पीडीएफ बनवणारा प्रोग्राम) लिहिता. मजकूर मराठी, मेनूंची नावं इंग्रजी. वेबसाइट दरवेळी बिनतक्रार तयार होते. पीडीएफ तुमच्या लॅपटॉपवर निघते, पण ऑफिसच्या बिल्ड सर्व्हरवर (मॅन्युअल आपोआप तयार करणाऱ्या मशीनवर) शेवटी ‘एरर १२’ येऊन सगळं थांबतं. लॉग हजारो ओळींचा आहे, त्यातलं काय वाचायचं ते कळत नाही. हंगाम सुरू व्हायच्या आत छापील प्रत काट्यावर पोचवायची आहे. आणि सहकाऱ्याने सुचवलंय की लाटेकला (पीडीएफची पानं जुळवणारा प्रोग्राम) ‘एरर आली तरी पुढे जा’ असं सांगा, पीडीएफ निघेल. ते करावं का, असंही तुम्ही विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही, तसं करू नका. का ते पुढे सविस्तर सांगते, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच आहे.

मी सांगलीत विश्रामबागेत बसून याच प्रकारचं काम करते. मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यांचे हिशेब, गोदामाच्या नोंदी, वजनकाटे, अशा सॉफ्टवेअरची मॅन्युअलं. ती वाचणारा माणूस बऱ्याचदा निवांत कॉम्प्युटरसमोर बसलेला नसतो. काट्याच्या केबिनमध्ये रात्रपाळीला एकटा क्लार्क असतो, बाहेर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते आणि नेट चालेलच याची खात्री नसते. अशा वेळी टेबलाच्या खणातला प्रिंटआउटच कामाला येतो. म्हणून ‘वेबसाइट चालतेय ना, पीडीएफचं बघू नंतर’ हे मला कधीच पटलेलं नाही.

आता ‘एरर १२’. पीडीएफ बनवताना स्फिंक्स लाटेकएमके नावाच्या प्रोग्रामला हाताशी धरतं. हा लाटेकएमके लाटेकला पुन्हा पुन्हा चालवतो, कारण अनुक्रमणिका, पानांचे आकडे, आतले संदर्भ हे सगळं एका फेरीत जुळत नाही. यातली कुठलीही पायरी बिनसली की तो १२ हा आकडा टाकून बाहेर पडतो. काय बिनसलं ते त्या आकड्यात नसतंच. लॉगच्या तळाला ‘इमर्जन्सी स्टॉप’ किंवा ‘फेटल एरर’ अशा ओळी दिसतात, त्यांचंही तसंच. त्या वाचून माणूस फक्त घाबरतो.

वेबसाइट होते आणि पीडीएफ होत नाही, यात नवल काही नाही. वेबसाइटची पानं स्फिंक्स स्वतः लिहितं आणि ब्राउझर लहानसहान चुका पोटात घालतो. पीडीएफच्या वेळी मात्र स्फिंक्सचं काम एक टेक फाइल, म्हणजे लाटेकला समजणारा मजकूर, लिहून देण्यापुरतंच असतं. पुढची सगळी जबाबदारी लाटेकची. तो वेगळा प्रोग्राम, त्याचे फॉन्ट वेगळे, नियम कडक. त्यामुळे बिघाडाच्या जागा तीन: स्फिंक्स टेक फाइल लिहीत असताना, लाटेक ती फाइल वाचत असताना, आणि तिसरी जागा, जी बरेच जण धरतच नाहीत, ती म्हणजे पीडीएफ निघाली पण आतला मजकूर चुकीचा आहे.

पहिल्यांदा सर्व्हरवरच्या बिल्ड फोल्डरात जाऊन ‘लाटेक’ नावाचं फोल्डर उघडा. त्यात टेक फाइल आहे का? असली तर स्फिंक्सने आपलं काम बहुतेक पूर्ण केलंय, घोळ पुढे आहे. तिथेच त्याच नावाची लॉग फाइल असते. स्क्रीनवर सरकत जाणारा मजकूर सोडून द्या, ही फाइल उघडा आणि उद्गारचिन्हाने सुरू होणारी पहिली ओळ शोधा. पहिलीच, हे महत्त्वाचं. तिच्यानंतरच्या पन्नास एरर बहुतेक वेळा तिच्यातूनच निघालेल्या असतात आणि त्यांच्या मागे लागलं की दिवस जातो. पहिल्या एररलाच थांबण्याचा पर्याय लाटेकमध्ये आहे, ‘हॉल्ट ऑन एरर’ असं त्याचं नाव. मी तो कायम चालू ठेवते. लॉग आपोआप आखूड होतो आणि शेवटचीच एरर ही पहिली एरर असते.

त्या ओळीच्या खाली इंग्रजी एल, टिंब आणि एक आकडा दिसेल. समजा ४३१२. ही तुमच्या मूळ मजकुराची ओळ नव्हे, टेक फाइलची ओळ आहे. इथे बरेच जण अडतात, कारण आपल्या कुठल्याच फाइलमध्ये इतक्या ओळी नसतात. टेक फाइलमध्ये ४३१२व्या ओळीवर जा आणि तिथून वर वर सरकत राहा. ‘लेबल’ आणि ‘डीटोकनाइझ’ हे शब्द असलेली जी पहिली ओळ भेटेल तिच्या कंसात तुमच्या मूळ फाइलचं नाव असतं, आणि पुढे कोलन (:) देऊन त्या विभागाची खूण. स्फिंक्स प्रत्येक विभागाला अशी खूण घालतं. एवढ्यावरून नेमक्या परिच्छेदापर्यंत पोचता येतं. आणखी एक बारीक गोष्ट: लाटेक लॉगमधली ओळ साधारण ७९ अक्षरांवर तोडतो. फाइलचं लांबलचक नाव मधूनच तुटलं की सर्च करून सापडत नाही. ‘मॅक्स प्रिंट लाइन’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल एक हजारावर नेऊन ठेवलं की हा त्रास संपतो.

इथपर्यंतचं कुणालाही लागू पडतं. तुमच्या बाबतीत एक चांगली गोष्ट अशी की पीडीएफ लॅपटॉपवर निघते. म्हणजे मजकुरात मोठी खोट बहुधा नाही, फरक दोन मशीनमध्ये आहे. कोणतं इंजिन, म्हणजे लाटेकचा कोणता प्रकार, वापरताय ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण अंदाज करता येतो. स्फिंक्सचं मूळ इंजिन पीडीएफलाटेक आहे आणि त्याला देवनागरी येत नाही. ‘हे युनिकोड अक्षर लाटेकसाठी तयार केलेलं नाही’ अशा अर्थाची एरर देऊन तो पहिल्याच मराठी अक्षराला थांबतो. तुमची मराठी पीडीएफ निघतेय त्याअर्थी लॅपटॉपवर झीलाटेक किंवा लुआलाटेक चालू असणार. तेच सेटिंग सर्व्हरपर्यंत पोचलंय का, एवढं आधी बघा. इंजिनची ओळ फक्त आपल्या लॅपटॉपवर बदललेली आणि गिटमध्ये (फाइलमधले बदल नोंदवणारा प्रोग्राम) कमिट करायची, म्हणजे नोंदवायची, राहून गेलेली, असं सर्रास होतं. आणि इंजिन बदललं की जुनं बिल्ड फोल्डर पूर्ण पुसून मगच पुन्हा चालवा. आधीच्या इंजिनने टाकलेल्या मदतनीस फाइल नवं इंजिन वाचायला जातं आणि ज्यांचा मजकुराशी काही संबंध नाही अशा एरर यायला लागतात.

इंजिन सारखंच असेल तर माझा पहिला संशय फॉन्टवर. स्फिंक्सच्या २.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१९पासून, झीलाटेक आणि लुआलाटेकसाठी फ्रीफॉन्ट हा संच गृहीत धरलेला आहे: मजकुराला फ्रीसेरिफ, शीर्षकांना फ्रीसॅन्स, कोडला फ्रीमोनो. तुमच्या लॅपटॉपवर तो कधीतरी दुसऱ्या कुठल्या पॅकेजबरोबर आलेला असतो. सर्व्हर म्हणजे जेमतेम गरजेपुरतं इन्स्टॉल केलेलं उबंटू किंवा डेबियन. तिथे तो नसतो. मग लॉगमध्ये फॉन्टस्पेकची (लाटेकमध्ये फॉन्ट लावणारं पॅकेज) एरर येते की अमुक फॉन्ट सापडत नाही. तात्पुरता उपाय सोपा आहे, सर्व्हरवर फ्रीफॉन्टचं ओटीएफ पॅकेज टाका.

पण मी तिथे थांबणार नाही. मशीनवर जो फॉन्ट असेल तो, या भरवशावर मराठी मॅन्युअल ठेवू नये. फॉन्टची फाइल मॅन्युअलच्या रेपॉझिटरीतच, म्हणजे गिटमधल्या त्याच्या फोल्डरातच, ठेवा, स्फिंक्सच्या ‘लाटेक अ‍ॅडिशनल फाइल्स’ या सेटिंगमधून ती बिल्ड फोल्डरात जाऊ द्या आणि फॉन्टच्या नावाऐवजी एक्स्टेन्शनसकट फाइलच्या नावाने तो बोलवा. मग सर्व्हर कुठलाही असो, फॉन्ट तोच राहतो. नोटो सेरिफ देवनागरी किंवा आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका, दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत, रेपॉझिटरीत ठेवायला अडचण नाही. डाउनलोड करताना व्हेरिएबल फॉन्ट टाळा. एकाच फाइलमध्ये सगळ्या जाड्या भरलेली ती फाइल झीलाटेकला नीट पचत नाही. रेग्युलर आणि बोल्ड अशा वेगवेगळ्या फाइल घ्या. आणि फक्त मुख्य फॉन्ट बदलून थांबू नका. स्फिंक्स शीर्षकं सॅन्स फॉन्टमध्ये टाकतं, त्यामुळे आतला मजकूर उत्तम आणि प्रकरणांची नावं कोरी, अशी पीडीएफ हातात येते. मुख्य, सॅन्स आणि मोनो तिन्ही ठिकाणी देवनागरीची सोय लागते. फॉन्टच्या पर्यायांत लिपी देवनागरी आणि भाषा मराठी असं दोन्ही लिहा. भाषा लिहिली, आणि फॉन्टमध्ये तशी सोय असली, तर ल आणि श मराठी वळणाचे येतात. छापील पान वाचणाऱ्याला ते लगेच आपलं वाटतं.

फॉन्ट जागेवर असतील तर पुढचा संशय शेवटच्या सूचीवर, म्हणजे कुठला शब्द कुठल्या पानावर ते सांगणाऱ्या यादीवर. झीलाटेक किंवा लुआलाटेक निवडलं की स्फिंक्स सूची लावायला झिंडी हा वेगळा प्रोग्राम मागतं. पीडीएफलाटेकला तो लागत नाही. त्यामुळे लाटेक पूर्ण बसवलेल्या सर्व्हरवरही तो नसू शकतो. याची ओळख अशी की सगळी पानं व्यवस्थित पार होतात, उद्गारचिन्हाची एकही ओळ सापडत नाही आणि तरी शेवटी १२ येतो. उद्गारचिन्ह सापडत नसेल तर लाटेकएमकेचा स्वतःचा शेवटचा सारांश वाचा, तिथे झिंडीचं नाव असेल. झिंडी इन्स्टॉल करा, नाहीतर ‘लाटेक यूज झिंडी’ हे सेटिंग बंद करा. काट्याच्या छोट्या मॅन्युअलला शेवटची सूची बहुधा लागतच नाही. मी अशा ठिकाणी ती सरळ काढून टाकते आणि सुरुवातीची अनुक्रमणिका नीट करते.

एखादी एसटीवाय एक्स्टेन्शनची फाइल सापडत नाही अशी एरर आली तर तो सर्वात साधा प्रकार, टेक्सलाइव्हचं (लाटेक आणि त्याची पॅकेजं ज्यातून येतात तो संच) एखादं पॅकेज कमी आहे. एकेक शोधत बसण्यापेक्षा लाटेक रेकमेंडेड, लाटेक एक्स्ट्रा, फॉन्ट्स रेकमेंडेड, झीटेक हे गठ्ठे आणि लाटेकएमके एकदम टाका.

चित्रांचं थोडं सांगायला हवं. ब्राउझरला एसव्हीजी, वेबपी, जिफ सगळं चालतं, लाटेकला पीडीएफ, पीएनजी आणि जेपीजी. एसव्हीजी आकृत्या असतील तर स्फिंक्सला रूपांतर करणारं एक्स्टेन्शन लागतं आणि त्या एक्स्टेन्शनला मशीनवर इमेजमॅजिक, इंकस्केप किंवा आरएसव्हीजी यांपैकी एक प्रोग्राम. लॅपटॉपवर तो असतो, सर्व्हरवर नसतो. इमेजमॅजिक असूनही ‘सुरक्षा धोरणात बसत नाही’ अशी तक्रार आली तर त्यालाही कारण आहे: २०१८मध्ये घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्राममधल्या सुरक्षेच्या भोकांमुळे लिनक्सच्या अनेक वितरणांनी पीडीएफ आणि पोस्टस्क्रिप्टची रूपांतरं धोरणाच्या फाइलमध्ये बंद करून टाकली. ते धोरण सैल करण्यापेक्षा आकृती एकदाच हाताने पीडीएफ करून रेपॉझिटरीत ठेवणं मला जास्त बरं वाटतं. आणि फाइलची नावं: विंडोजवर अक्षरं कॅपिटल की स्मॉल याने फरक पडत नाही, लिनक्सवर पडतो. फोल्डरात चित्राच्या नावातलं पहिलं अक्षर कॅपिटल आणि मजकुरात स्मॉल असेल तर लॅपटॉपवर सगळं सुरळीत आणि सर्व्हरवर ‘इमेज फाइल वाचता येत नाही’. ही सूचना स्फिंक्स देतं, पण वॉर्निंग म्हणून, आणि वॉर्निंग कोण वाचतं? म्हणून सर्व्हरवर स्फिंक्सला वॉर्निंग म्हणजेच एरर समजायला सांगणारा पर्याय चालू ठेवा.

हे सगळं एकेक करून सुटतं, पण पुढच्या वर्षी सर्व्हर बदलला की पुन्हा पहिल्यापासून. टेक्सलाइव्हची नवी आवृत्ती दरवर्षी येते, उबंटूच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत वेगवेगळी असू शकते, आणि वागणूक थोडी थोडी बदलते. ऑफिसमध्ये डॉकर (लागणारे सगळे प्रोग्राम एका तयार गठ्ठ्यातून, म्हणजे इमेजमधून, चालवणारं साधन) वापरायची मुभा असेल तर स्फिंक्सवाल्यांचीच लाटेकसकट तयार इमेज मिळते. तिची ठरावीक आवृत्ती धरून ठेवा आणि लॅपटॉप व सर्व्हर दोन्हीकडे तीच चालवा. ती आकाराने मोठी आहे, पहिल्यांदा उतरवायला वेळ लागेल. मुभा नसेल तर निदान दोन्हीकडच्या आवृत्त्या लिहून ठेवा. हा भाग तुमच्या ऑफिसच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, तिथे मी आग्रह धरणार नाही.

आता तुमच्या सहकाऱ्याच्या सूचनेकडे येते. एररकडे दुर्लक्ष करून पुढे जाणारा पर्याय लाटेकएमकेमध्ये आहे, आणि खरंच पीडीएफ निघते. पण आतमध्ये काय निघतं ते बघा. एरर न देताही अक्षरं गळतात, मग एररसुद्धा दाबल्या तर कळणार कसं?

तुमच्या मॅन्युअलमध्ये निव्वळ वजनाचं सूत्र असणारच: निव्वळ वजन = भरलेलं वजन − रिकामं वजन. कुणीतरी ते नीटनेटकं दिसावं म्हणून गणिताच्या डायरेक्टिव्हमध्ये (स्फिंक्सच्या खास चौकटीत) टाकलं. वेबसाइटवर मॅथजॅक्स (ब्राउझरमध्ये गणित दाखवणारा प्रोग्राम) ते छान दाखवतं. झीलाटेकमध्ये गणिताचा फॉन्ट वेगळा असतो आणि त्यात देवनागरी नसते. झीलाटेक थांबत नाही. लॉगमध्ये ‘मिसिंग कॅरेक्टर’ अशा ओळी टाकतो आणि ती अक्षरं गाळून पुढे जातो. पानावर उरतं ते बरोबरचं चिन्ह, वजाबाकीचं चिन्ह, आणि आजूबाजूला कोरी जागा. बिल्ड हिरवा, म्हणजे पास, पीडीएफ तयार, आणि ज्या एका ओळीसाठी क्लार्क ते पान उघडणार तीच नाही. यावरचा उपाय एवढाच की सूत्रातले मराठी शब्द ‘टेक्स्ट’ या कमांडमध्ये घाला, म्हणजे ते मजकुराच्या फॉन्टमध्ये येतात.

वजनपावतीच्या नमुन्याचंही तेच. पावती जशी छापली जाते तशी दाखवायची म्हणून ती कोडच्या चौकटीत टाकतात, तिथे मोनो फॉन्ट लागतो आणि बहुतेक मोनो फॉन्टांना देवनागरी येत नाही. ‘वाहन क्र.’, ‘भरलेलं’, ‘रिकामं’ हे शब्द जातात आणि आकडे तेवढे एकाखाली एक उभे राहतात. कुठला आकडा कशाचा, वाचणाऱ्याने ओळखायचं. ₹ हे चिन्ह युनिकोडमध्ये २०१०मध्ये आलं, त्याआधी घडवलेल्या आणि नंतर न सुधारलेल्या फॉन्टांत ते नसतं. दराच्या तक्त्यात ते गळलं तर निदान अर्थ समजतो. ‘शेतकऱ्याचे नाव’ मधला ऱ्य बिघडला की मात्र पान अडाणी दिसायला लागतं, आणि ज्याच्यासाठी ते लिहिलं त्याचा आपल्यावरचा विश्वास जातो. हा ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो, एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर. डोळ्यांना दोन्ही सारखे. एक प्रकार ठरवा आणि सगळ्या मजकुरात एकदाच बदलून घ्या, नाहीतर ‘शेतकऱ्याचे’ शोधल्यावर निम्म्याच जागा सापडतील.

लांब तक्त्यांचं दुखणं याच जातीचं. तीसपेक्षा जास्त ओळींचा तक्ता स्फिंक्स आपणहून पानांवर पसरतं, पण तक्त्याची एक ओळ दोन पानांत तुटत नाही. एकाच घरात अर्ध्या पानाच्या सूचना आणि त्याखाली स्क्रीनशॉट कोंबला की घर पानाच्या तळाखाली जातं आणि खालचा मजकूर छापलाच जात नाही. लॉगमध्ये फक्त ‘ओव्हरफुल’ अशी सूचना येते. असा मजकूर तक्त्यातून काढून साध्या परिच्छेदांत लिहावा, लाटेकशी झगडू नये.

म्हणून मी उलट करते. लाटेकला जास्त कडक करते. ‘ट्रेसिंग लॉस्ट कॅर्स’ नावाचं एक सेटिंग आहे. २०२१च्या टेक्सलाइव्हपासून त्याला ३ हा आकडा देता येतो आणि मग गळालेलं प्रत्येक अक्षर ही एरर होते. स्फिंक्सच्या प्रीअँबलमध्ये (टेक फाइलच्या सुरुवातीला जाणाऱ्या सेटिंगांत) ती एक ओळ टाका. सुरुवातीला बिल्ड वारंवार अडेल, चिडचिड होईल. पण प्रत्येक वेळी अडण्याचं कारण म्हणजे छापील पानावरून जाणार असलेलं एक अक्षर असेल. टेक्सलाइव्ह जुनं असेल तर बिल्डनंतर लॉगमध्ये ‘मिसिंग कॅरेक्टर’ शोधून, सापडलं तर बिल्ड फेल ठरवणारी एक ओळीची स्क्रिप्ट लिहा. काम तेच होतं.

हे सगळं करून झाल्यावर, किंवा पुढे कधी, पीडीएफ दोन्हीकडे फेल व्हायला लागली तर मग दोष मजकुरात. तेव्हा शेवटचा चांगला बिल्ड कोणता ते शोधा आणि गिटच्या बायसेक्टने मधले कमिट अर्धे-अर्धे करत जा. गिटचा इतिहास उपयोगाचा नसेल तर अनुक्रमणिकेतली अर्धी प्रकरणं काढून बिल्ड करा. पास झाला तर दोष काढलेल्या अर्ध्यात. शंभर फाइल असल्या तरी सहा-सात फेऱ्यांत एका फाइलपर्यंत येता. आणखी घाई असेल तर स्फिंक्स बाजूला ठेवा, बिल्ड फोल्डरातल्या टेक फाइलमध्येच दस्तऐवज संपवणारी कमांड वर वर सरकवत नुसतं झीलाटेक चालवा.

सापडतं काय, तर नेहमीची मंडळी. मॅन्युअलच्या नावात ‘काटा & बिलिंग’ असा अँपरसँड: ‘लाटेक डॉक्युमेंट्स’ या सेटिंगमधलं शीर्षक स्फिंक्स जसंच्या तसं लाटेकला देतं आणि लाटेकसाठी ते चिन्ह तक्त्याचा रकाना बदलण्याचं आहे. यादीत यादी, तिच्यात यादी असं खोल गेलेलं प्रकरण: लाटेकची मर्यादा मूळ सहा पातळ्यांची आहे, स्फिंक्समध्ये ‘मॅक्स लिस्ट डेप्थ’ने ती वाढवता येते, पण सहा पातळ्यांची सूचना रात्रपाळीचा माणूस वाचणार कशी? ती यादी मोडा. वर्डमधून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून चिकटवलेल्या मजकुरातले न दिसणारे कॅरेक्टर आणि इमोजी. आणि आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे डीटीपीवाल्याकडून आलेला जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर. त्या फॉन्टशिवाय तो नुसता इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. वेबसाइटवरही तो तसाच दिसत असतो, पण शेवटच्या परिशिष्टापर्यंत कुणी सरकत गेलेलं नसतं. तो आधी युनिकोडमध्ये बदलून आणि मग माणसाकडून वाचून घ्या. बदलणाऱ्या प्रोग्रामांकडून जोडाक्षरं आणि रफार हमखास इकडेतिकडे होतात.

आता तुमच्या तारखेचं. सर्व्हर सुधारण्यासाठी छपाई अडवून ठेवू नका. लॅपटॉपवरची पीडीएफ छापायला द्यायला हरकत नाही, मात्र तिच्या लॉगमध्ये ‘मिसिंग कॅरेक्टर’ आणि ‘ओव्हरफुल’ शोधून, त्या त्या पानावर डोळ्यांनी बघून, आणि कोणत्या कमिटवरून ती काढली ते गिटमध्ये टॅग करून. मग छापखान्यात देण्याआधी साध्या प्रिंटरवर पावतीचं पान, सूत्राचं पान आणि सगळ्यात लांब तक्ता एवढं छापा आणि काट्यावरच्या कुणाला तरी दाखवा. सर्व्हरचं काम त्यानंतर शांतपणे, वर सांगितलेल्या क्रमाने: इंजिन, फॉन्ट, झिंडी, पॅकेज, चित्रं.

पीडीएफ मोबाइलवरही पाठवणार असाल तर एक बघा. झीलाटेकने काढलेल्या पीडीएफमधून मराठी शब्द कॉपी केला की वेलांटी आणि रफार जागा बदलतात, आणि म्हणून सर्चही फसतो. झीटेकमध्ये मूळ मजकूर पीडीएफमध्ये सोबत ठेवणारा ‘जनरेट अ‍ॅक्चुअल टेक्स्ट’ नावाचा स्विच आहे, तोही प्रीअँबलमध्ये टाका. सगळे रीडर तो सारखा मानत नाहीत, पण चालू ठेवण्यात तोटा नाही.

तरीही अडलात तर लॉगमधली उद्गारचिन्हाची पहिली ओळ आणि तिच्याखालच्या दहा ओळी, स्फिंक्स आणि टेक्सलाइव्ह दोन्हीच्या दोन्ही मशीनवरच्या आवृत्त्या, आणि सर्व्हरवर मराठी येणाऱ्या फॉन्टांची यादी इथे टाका. फॉन्टकॉन्फिगच्या एफसी-लिस्ट कमांडला भाषा एमआर दिली की ती यादी मिळते. कारखान्याचं नाव, शेतकऱ्यांची नावं किंवा वाहनांचे नंबर नमुन्यात असतील तर ते आधी बदला.